पाच आठवडे, एक कान

ताई,

मी अमळनेरला राहते, वय २०. पप्पा पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीवरची नावं, शाळांच्या भिंती असं काम करतात. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालंय. बारावीनंतर मी दोन वर्षं घरीच होते. या जूनमध्ये जळगावला एका छोट्या अकॅडमीत नाव घातलं. दोन खोल्या, अकरा मुलं, एकच सर. शास्त्रीय पद्धतीनं ड्रॉइंग आणि पेंटिंग शिकवतात, कोर्स तीन वर्षांचा. पहिलं वर्षभर फक्त पेन्सिल आणि चारकोल, रंगाला हात लावायचा नाही. दोन महिने छापील चित्रं बघून काढली. आता पाच आठवडे झाले, प्लास्टरचा एक कान काढतेय. सर येतात, ‘पुन्हा बघ’ म्हणतात आणि पुढे जातात. सकाळी काढलेली सावली दुपारी तिथे नसतेच. इंटरमिजिएटला मला ए ग्रेड होती, आणि आता कान जमत नाही. पप्पा दहा मिनिटांत भिंतीवर गणपती काढतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “मनी आंडेर जयगावले शिकस,” म्हणजे माझी मुलगी जळगावला शिकते. परवा त्यांनी विचारलं, काय काढलं ते दाखव, तर मी कागद पलंगाखाली सरकवला. माझी मैत्रीण पुण्यात टॅबवर चित्रं काढून पैसे कमवायला लागली. मी सोडू का? नाही सोडलं तर इथल्या सर्टिफिकेटचं पुढे काय होतं? आणि पुढच्या वर्षी ऑईल कलर आहेत, तर पप्पांच्या दुकानातलं टर्पेंटाईन आणि जवसाचं तेल चालेल का?

– एक वाचक, अमळनेर

बेटा,

सोडू नकोस. निदान दिवाळीपर्यंत तरी तो विषय मनातून काढून टाक. दिवाळीनंतर कशावरून ठरवायचं तेही सांगते, पण आधी त्या कानाकडे येऊ. तुझा सगळा जीव तिथे अडकलाय.

मी भुसावळला शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती मुलं बसवली त्याचा हिशोब नाही. त्यामुळे ए ग्रेडवाल्या मुलीचा हात कसा तयार होतो ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि तो तसा तयार करण्यात माझ्यासारख्यांचाच वाटा आहे. पेपरला ठरावीक तास मिळतात. तेवढ्यात मांडणी, रेखाटन, रंग, मागचा पडदा, सगळं उरकायचं असतं. म्हणून आम्ही मुलांना युक्त्या देतो. तांब्या आला की चकाकी इथे, सावली तिथे, पडद्याच्या चुण्या अशा. मग समोर कुठलाही तांब्या ठेवा, मूल घरून पाठ करून आणलेला तांब्या काढतं. परीक्षेत ते चालून जातं. तुझ्या सरांनी पांढरा कान समोर टांगला आणि तू बहुधा पाठ असलेला कान काढायला बसलीस. ते ‘पुन्हा बघ’ म्हणतात ते यासाठी. एवढंच म्हणून पुढे जाणं मला पुरेसं वाटत नाही, त्याबद्दल पुढे बोलते. पण त्यांचं म्हणणं खरं आहे.

आता एक काम कर. पप्पांकडे ओळंबा असेल. नसेल तर काळ्या दोऱ्याला एखादा नट बांध. तुझा बोर्ड त्या कानाच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर उभा कर. मग मागे सरक, कानाच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरावर, कान आणि कागद मान न हलवता एका नजरेत मावतील अशा जागी. तिथे फरशीवर खडूनं दोन्ही पावलांच्या खुणा कर. यापुढे बघायचं ते फक्त या खुणांवर उभं राहून. एक डोळा मीट, ओळंबा हात लांब करून धर, दोरा स्थिर होऊ दे. दोरा कानाच्या वरच्या गोल कडेला जिथे शिवतो तिथून सरळ खाली ये. भोकासमोरचा तो छोटा उंचवटा दोऱ्याच्या डावीकडे राहतो की उजवीकडे? किती? पाळीचं टोक दोऱ्यावर येतं की आत जातं? तेवढी एकच गोष्ट डोक्यात धरून कागदापाशी जा, एक खूण कर, परत खुणांवर ये आणि कागदावर तसाच दोरा धरून बघ. चुकलं असेल तर पुसायचं. चारकोल सुरुवातीला दाबून लावायचा नाही तो याचसाठी, फडक्यानं झटकला की जायला हवा.

असं केलंस तर पहिल्याच दिवशी तुला दिसेल की तुझी पाळी फार पुढे आलीय, किंवा सगळा कानच सरळ उभा राहिलाय. खरा कान मागे कललेला असतो, आणि नवशिके त्याला हमखास ताठ करतात. मी शेकडो वह्यांत हे पाहिलंय.

बाह्यरेषा बसली की मग सावल्या. डोळे अर्धे मिटून बघ, म्हणजे बारीकसारीक तपशील विरघळतात आणि दोनच भाग उरतात, उजेडाचा आणि सावलीचा. दोन्हींमधली हद्द आधी आख. पांढऱ्या प्लास्टरमध्ये एक फसवणूक असते. सावलीच्या आत, मागच्या भिंतीवरून उसळून आलेला उजेड पडतो आणि तो फार उजळ वाटतो. मुली तो उजळ ठेवतात आणि कान पत्र्याचा दिसायला लागतो. सावलीतली सर्वांत उजळ जागा ही उजेडातल्या सर्वांत मंद जागेपेक्षा काळीच असली पाहिजे. एवढं एक सांभाळलंस की गोलाई आपोआप येते.

सकाळची सावली दुपारी हलते, हे तू लिहिलंस ते वाचून मला बरं वाटलं. म्हणजे तू बघतेयस. तुमची खिडकी उत्तरेची असावी. अशा वर्गांना शोधून उत्तरेचीच खिडकी घेतात, कारण तिथून ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर एकसारखा राहतो. पण हा नियम युरोपातल्या चित्रशाळांचा. आपलं जळगाव साधारण २१ अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य इथे दिवसभर थोडा उत्तरेलाच असतो, आणि त्यानंतरही सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळ तिरपा त्या खिडकीत डोकावतो. तू शिकायला सुरुवात केलीस तीच नेमकी वर्षातल्या सगळ्यांत हलत्या उजेडात. येत्या २३ सप्टेंबरनंतर पार २१ मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेला असतो. ते सहा महिने तुझे आहेत. तोवर सरांना विचारून खिडकीला पडदा लाव आणि एका बाजूनं एकच दिवा ठेव. दोन दिवे ठेवू नकोस, सावल्यांचा गुंता होतो.

आता पप्पांचा दहा मिनिटांतला गणपती. तो दहा मिनिटांत होतो कारण तो त्यांच्या हातात आयुष्यभर बसत गेलाय. त्यांनाच विचार, कुणी वारलेल्या वडिलांचा फोटो आणून दिला आणि भिंतीवर मोठा करून मागितला तर ते काय करतात. फोटोवर चौकटी आखतील, भिंतीवर चौकटी आखतील, खडूची दोरी मारून मधली रेघ काढतील आणि एकेका चौकटीत काय येतं ते मोजत बसतील. नाक अर्ध्या बोटानं सरकलं तर घरातली बाई लगेच म्हणते, हे आमचे अण्णा नाहीत. तुझे सर शिकवतायत ते हेच मोजणं आहे, चौकटी न आखता, नुसत्या डोळ्यानं. तू पप्पांच्या कामापासून लांब गेलेली नाहीस. मला तर वाटतं की त्या अकरा मुलांत ओळंब्याचं महत्त्व घरातून घेऊन आलेली तू एकटीच असशील.

तू जी छापील चित्रं दोन महिने काढलीस ती बहुधा शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या अभ्यासमालेतली असणार. जेरोम या चित्रकाराबरोबर त्यानं ती केली आणि १८६६ ते १८७१ या काळात ती छापली गेली. पहिल्या भागात प्लास्टरचे डोळे, कान, पाय, पुतळे. आधी सोप्या सरळ रेघांनी घेरलेला आकार, शेजारी पुरं झालेलं चित्र. व्हॅन गॉगनं १८८० मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा हीच पानं समोर ठेवून तो एकटा बसला होता, आणि शेवटच्या वर्षी, १८९० मध्येही त्यानं ती पुन्हा काढायला घेतली. तू विसाव्या वर्षी तिथे पोचलीस, आणि ‘पुन्हा बघ’ म्हणायला तुझ्यापाशी कुणीतरी आहे.

ही पद्धत परदेशी म्हणून आपली नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आपल्याकडच्या चित्रकलेच्या सहा अंगांत रूपभेदानंतर लगेच ‘प्रमाण’ येतं आणि पुढे ‘सादृश्य’. चित्रसूत्र या जुन्या संस्कृत ग्रंथात छटा देऊन गोलाई आणण्याला ‘वर्तना’ म्हटलंय. आणि ती वर्तना बघायला तुला लांब जायला नको. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभी राहा आणि नाकाच्या कडेनं, हनुवटीखाली रंग कसा गडद होत गेलाय ते बघ. तिथे बाहेरून पडलेली सावली नाही, तरी अंग भरीव दिसतं. ही चित्रंसुद्धा नक्कल करून शिकली गेली आहेत. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ पासून कितीतरी वर्षं इथे राहून त्यांच्या मोठमोठ्या तैलचित्र प्रती करत होता. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि त्यांनी पुन्हा काम हाती घेतलं. आपली मराठी-पारशी मुलं होती ती, तुझ्याच वयाची, अंधाऱ्या लेण्यात बसून हात, बोटं, डोळे काढणारी. त्यांतल्याही बऱ्याच प्रती पुढे आगीत गेल्या. पण ती मुलं शिकली ते शिकलीच. गिलची कबर आमच्या भुसावळला आहे, इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत. मी दर वर्षी एका तुकडीला तिथे न्यायचे आणि त्याच्या प्रतींची गोष्ट तिथेच उभ्या-उभ्या सांगायचे.

जमलं तर चाळीसगावलाही एकदा जाऊन ये. स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, ते जपलेलं आहे. टेबलावर छोट्या-छोट्या वस्तू मांडून, त्यांच्यावर उजेड खेळवून केलेल्या त्यांच्या छायाचित्रांसाठी ते ओळखले गेले. एका खोलीत, एका उजेडात किती काय सापडतं ते तिथे कळतं.

आता दिवाळीचं. संथ शिकवणं वेगळं आणि विद्यार्थ्याला नुसतं गुंतवून ठेवणं वेगळं. हा फरक मी स्वतः उशिरा ओळखला. तुझ्या वयाची असताना मी एका चित्रकाराकडे शिकायला जायचे. वर्षाची फी त्यांनी पहिल्याच दिवशी घेतली. आठ महिने मी त्यांच्याकडे आलेल्या ऑर्डरचे पडदे रंगवत होते. आभाळाचा निळा भरायचा, महिरपीची वेल काढायची, मोठ्या चित्राची पार्श्वभूमी भरायची. मला वाटायचं, हेच शिक्षण. एकदा त्यांना विचारलं, माझं स्वतःचं चित्र कधी बघाल? तर म्हणाले, वेळ आल्यावर. ती वेळ आली नाही. माझे ते आठ महिने गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे मला जमतच नाही असं मी पुढे कितीतरी दिवस धरून चालले. तुझ्या पत्रात असं काही दिसत नाही. कान तुझा आहे, कागद तुझा आहे. पण डोळे उघडे ठेव.

सर फक्त ‘पुन्हा बघ’ म्हणतात, त्यावर एकदा सरळ विचार, “सर, कुठे बघू?” चांगला शिक्षक तुझ्या जागी, तुझ्या खुणांवर उभा राहतो आणि एक जागा दाखवतो. उत्तर नाही देणार, पण जागा दाखवेल. महिनाभर विचारूनही जागा दाखवली नाही तर ती काळजीची गोष्ट. तसंच त्यांना कधी तुमच्यासमोर काढताना पाहिलंयस का? नसेल तर सगळ्यांनी मिळून विनंती करा. जुन्या मुलांची कामं बघायला माग. ती सगळी एकाच हाताची वाटली तर तिथे नक्कल सरांची होतेय, वस्तूची नाही. फी तीन-तीन महिन्यांनी दे, एकदम देऊ नकोस. पण सगळ्यांत मोठी खूण तुझ्यातच सापडेल. सर जवळ यायच्या आधी तुला स्वतःला चूक दिसायला लागली आणि त्यांनी येऊन बोट ठेवलं ते नेमकं तिथेच, असं दिवाळीपर्यंत दोन-चारदा झालं, तर तिथे राहा. तीन वर्षं राहा. असं एकदाही झालं नाही तर मला परत लिही, आपण दुसरं बघू.

सर्टिफिकेटचं स्पष्ट सांगते. खासगी अकॅडमीच्या कागदावर शाळेत कलाशिक्षकाची नोकरी मिळत नाही. त्यासाठी आर्ट टीचर डिप्लोमा म्हणजे एटीडी, नाहीतर त्यावरची मान्य पदविका-पदवी लागते. तू बारावी झालेली आहेस, त्यामुळे बीएफएच्या सीईटीचा रस्ताही आहे, तो कोर्स चार वर्षांचा. त्या-त्या वर्षीच्या अटी कला संचालनालयाच्या आणि सीईटी कक्षाच्या पत्रकातूनच वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. नव्या वर्षाच्या सुमारास वेळापत्रकावर नजर ठेव. माझं मत विचारशील तर हे पहिलं वर्ष इथे पूर्ण कर आणि त्याबरोबरच प्रवेशाची तयारी ठेव. आजचं हे मोजणं तिथे चारही वर्षं उपयोगी पडेल. नोकऱ्या कमी आहेत, हे खरं आहे. पण हातात मान्य कागद नसेल तर ज्या आहेत त्यांच्या रांगेतही उभं राहता येत नाही. तुझ्या घरची परिस्थिती बघता हे मी दुर्लक्षित करू शकत नाही.

मैत्रीण टॅबवर कमावते त्याचा आनंद मान. ते काम चांगलं आहे आणि पुढे तूही करशील. हात-पाय-चेहरा नीट काढता येणाऱ्याला तिथेही काम लवकर मिळतं.

तेलाचं मात्र नीट ऐक. पप्पांच्या दुकानातलं टर्पेंटाईन ब्रश धुवायला चालेल, खिडकी उघडी ठेवून. जवसाच्या तेलाच्या डब्यावर ‘बॉईल्ड’ किंवा ‘डबल बॉईल्ड’ लिहिलं असेल तर ते चित्रात घालू नकोस. ते लाकडासाठी असतं. लवकर वाळावं म्हणून त्यात औषध घातलेलं असतं, चित्र पिवळं पडतं आणि तडकतं. रंगाच्या दुकानातली रिफाइन्ड लिनसीडची छोटी बाटली घे, वर्षभर पुरते. एनॅमल आणि ऑईल ट्यूब एकत्र करू नकोस. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हे सर सांगतीलच. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत, कधीच नाही. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. ढिगात ती उष्णता कोंडली की फडकं आपोआप पेट घेतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीशी गाठतो आणि खोलीवर पत्रे असतात. फडकी पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेव, नाहीतर अंगणात एकेक सुटी वाळत घाल. हे पप्पांनाही सांग.

आज संध्याकाळी पलंगाखालचा कागद बाहेर काढ. तो फाडू नकोस. मागे तारीख लिही आणि पप्पांना दाखव. एखाद्या रविवारी सरांची परवानगी काढून त्यांना अकॅडमीत घेऊन जा, त्या खडूच्या खुणांवर उभं कर, ओळंबा त्यांच्या हातात दे आणि विचार, पप्पा, कुठे सरकलंय? ते सांगतील ते वहीत लिहून ठेव.

आणि सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसायला जागा मिळाली की मोबाईल पिशवीत ठेवून छोटी वही काढ. समोर कुणीतरी झोपलेलं असतंच, कान उघडा. धरणगाव येईपर्यंत एक होतो.